साडूपेक्षा सरस टाकी

"पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवू नये!" असं पाणीसाहेब छाती पुढे काढून म्हणाले आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

पाणीसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले अभियंता. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नावही होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतंच उरलं होतं. इमारतीत, गल्लीत, न्हाव्याच्या दुकानात सगळीकडे ते पाणीसाहेबच. वीस वर्षं त्यांनी जलशुद्धीकरण केंद्रात काढली होती. "अर्धं शहर सकाळी तोंड धुतं ते माझ्या जिवावर," असं ते पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे आणि पाहुणे कृतज्ञतेनं पाणी प्यायचे.

अशा माणसाला पाण्यातच पराभूत व्हावं लागलं, आणि तेही साडूकडून!

साडू दातांचे डॉक्टर. उंच, गोरे, मऊ बोलणारे. लोकांचे दात उपटून पैसे घेतात आणि वर लोक "थँक्यू डॉक्टर" म्हणतात, याचंच पाणीसाहेबांना आधी वैषम्य होतं. त्यात डॉक्टरांनी घरात पाणवनस्पतींची टाकी केली. साध्या माशांची टाकी नव्हे हो! आत हिरवळ, छोटी टेकडी, लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळाची शाल आणि त्यातून फिरणारे बोटाच्या पेराएवढे मासे. पाणीसाहेबांची बायको त्या टाकीपुढे उभी राहिली ती हलेचना. पाणीसाहेबांनी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं! लग्नाच्या अल्बमलासुद्धा तिनं एवढा वेळ दिला नव्हता.

"भाऊजी, किती हो सुंदर! डोळे निवले अगदी," ती म्हणाली.

"रोज थोडं थोडं करत गेलो, झालं," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

नम्रपणा! पाणीसाहेबांना या माणसाची सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर ती या नम्रपणाची. परतीच्या वाटेवर बायको "भाऊजींना काय हौस आहे नाही!" असं तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि पाणीसाहेबांनी ते छाती पुढे काढणारं वाक्य टाकलं.

"महिन्याभरात आपल्या घरात टाकी! आणि त्याच्यापेक्षा सरस!"

"त्यांना विचारून करा हं," बायको म्हणाली.

झालं! विझत आलेल्या निखाऱ्यावर रॉकेल.

दुसऱ्याच दिवशी दोन फुटी टाकी आली. काळी माती आली, ओंडका आला, दिवा आला, ओल्या कागदात गुंडाळलेली रोपं आली. दुकानदार भला माणूस होता. त्यानं बजावलं, "साहेब, दिवा सहा-सात तास, जास्त नाही. खत आठवड्याला चार थेंब. आणि महिनाभर मासे सोडायचे नाहीत. पाणी मुरायला लागतं."

"पाणी मुरायला लागतं हे तुम्ही मला सांगता?" पाणीसाहेब म्हणाले.

"मला काय माहीत तुम्ही कोण ते," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

घरी येऊन पाणीसाहेबांनी माती पसरली, रोपं लावली आणि वरून आख्खी बादली धाडकन ओतली. क्षणात सगळी टाकी कडक कॉफीसारखी झाली आणि रोपं पुरात सापडल्यासारखी वर आली. ओंडकाही तरंगला. माणूस अभियंता असल्यामुळे डगमगला नाही. त्यानं सरळ तुरटी फिरवली! गढूळ पाणी स्वच्छ करायला खात्यात हेच तर करत होते. गाळ खरोखर बसला. पण तो बसला प्रत्येक पानावर, इतका की रोपं विटांच्या भट्टीजवळ वाढल्यासारखी दिसू लागली.

बायकोनं हळूच डॉक्टरांना फोन केला. पाणीसाहेब दाराआडून ऐकत होते.

"भाऊजी म्हणतात, बशी ठेवायची आणि बशीवर पाणी ओतायचं. म्हणजे माती उसळत नाही."

"मी तेच करणार होतो!"

"भाऊजी म्हणतात, ओंडका आधी आठवडाभर भिजवायचा."

"भिजतोच आहे ना तो!"

त्या आठवड्यात "भाऊजी म्हणतात" हे शब्द घरात एकवीस वेळा उच्चारले गेले. पाणीसाहेबांनी मोजले होते. वर डॉक्टरांनी स्वतःच्या टाकीतली काही रोपं प्रेमानं पाठवून दिली. पाणीसाहेबांनी ती लावली, पण मागच्या कोपऱ्यात, ओंडक्याच्या पाठीमागे, शिक्षा केल्यासारखी.

आणि मग त्यांनी सूत्र ठरवलं. डॉक्टर दिवा सात तास लावतो? आपण चौदा! डॉक्टर खत चार थेंब घालतो? आपण आठ! साधं गणित आहे, झाडं दुप्पट वाढणार!

वाढलं खरं. दुप्पट नाही, हजारपट वाढलं. पण झाडं नव्हे, शेवाळ. तिसऱ्या आठवड्यात पाणी फिकट हिरवं झालं, चौथ्यात गर्द. टाकी म्हणजे जणू पालकाच्या रसानं भरलेली पेटी!

"अहो, आत काही दिसत नाही," बायको म्हणाली.

"झाडं आहेत आत."

"असतील."

त्या "असतील"नं पाणीसाहेबांचं काळीज चिरलं. त्यात शनिवारी संध्याकाळी बायकोनं बातमी दिली, "उद्या अकराला ताई आणि भाऊजी येतायत. भाऊजी मासे आणणार आहेत आपल्या टाकीसाठी. मी म्हटलं, टाकी मस्त झालीय."

"असं का म्हणालीस?"

"मग काय सांगू? दिसत नाही असं?"

रविवारी सकाळी आठ वाजता बायको बाजारात गेली आणि पाणीसाहेबांनी मोहीम सुरू केली. सगळं पाणी बदलायचं! नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. पाणी आलं, आणि घोटभर सरळ पोटात गेलं. ठसका आवरत त्यांनी नळीचं टोक बाल्कनीतल्या पाण्याच्या भोकात खुपसलं आणि आत जाऊन काच घासायला घेतली.

नळी हा चंचल प्राणी आहे. ती भोकातून निसटली, कठड्यावरून खाली लोंबली आणि वाहत राहिली.

बरोबर खाली, तळमजल्यावर, निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळे त्यांना हेडबाई म्हणत. त्यांनी अंगणातल्या नळाखाली बादली लावली होती, नळ बारीक सोडला होता आणि त्या दूध उतू जातंय का ते बघायला आत गेल्या होत्या. पाच मिनिटांनी येऊन बघतात तो बादली काठोकाठ भरलेली, रंग हिरवागार, आणि पृष्ठभागावर एक लाल गोगलगाय शांतपणे विहार करत असलेली! तोवर वरची टाकी रिकामी झाली होती आणि नळीतून थेंबही येत नव्हता. हेडबाईंनी वर कशाला बघावं? त्यांनी नळाकडे बघितलं.

हेडबाई ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी बाटलीत नमुना भरला, गोगलगायीसकट. बाटलीवर तारीख घातली, वेळ घातली. मग थेट पाणी खात्याच्या मोठ्या साहेबांना घरी फोन लावला. मोठे साहेब एके काळी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत.

"मी बाई बोलतेय," एवढंच त्या म्हणाल्या आणि म्हणे पलीकडे मोठे साहेब खुर्चीतून उभे राहिले.

दहाव्या मिनिटाला पाणीसाहेबांचा फोन वाजला. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"काय चाललंय काय तुमच्या भागात?" मोठे साहेब गरजले. "नळातून शेवाळ येतंय! जिवंत प्राणी येतायत! तेही बाईंच्या नळातून! गटाराची लाइन मिसळली असणार. ताबडतोब गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करा, नमुने घ्या, आणि सापडेपर्यंत उघडू नका!"

पाणीसाहेबांनी बाल्कनीत येऊन खाली बघितलं. नळी. बादली. हेडबाई. सगळं एका दृष्टिक्षेपात कळलं. त्याच वेळी "सर, ती माझी टाकी आहे" एवढं पाच शब्दांचं वाक्य म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती! पण हे वाक्य खात्यात पसरणार, हेडबाईंकडून बायकोला कळणार, बायकोकडून ताईला आणि ताईकडून... छे! साडूला कळण्यापेक्षा गल्ली तहानलेली बरी.

"हो सर, लगेच बंद करतो," ते म्हणाले.

आणि अर्धं शहर ज्यांच्या जिवावर तोंड धुतं, त्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या गल्लीचं पाणी बंद केलं. साठ घरं कोरडी! व्हॉल्व्ह फिरवून वर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपली टाकीही आता भरता येणार नाही. आत काळा चिखल आणि त्यावर हरलेल्या सैन्यासारखी आडवी पडलेली रोपं.

बायको परतली. टाकीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "हे मस्त झालंय ते?" एवढंच म्हणाली.

अकराच्या ठोक्याला डॉक्टर हजर. एका हातात बायकोची पर्स, दुसऱ्या हातात पाण्यानं फुगलेली पिशवी, पिशवीत सहा इवले निळे मासे. आणि त्यांच्या पाठोपाठ, बाटली उंच धरून, हेडबाई!

"पाणीसाहेब, तुमच्या खात्याचा प्रताप बघा!" त्यांनी बाटली टेबलावर आपटली. "साठ घरांत पाणी नाही. चार नंबरमधलं बाळ अंघोळीशिवाय रडतंय. कारण सापडलं का?"

"शोध चालू आहे, बाई. बहुधा जुनी पाइपलाइन..."

डॉक्टर बाटलीवर वाकले. रुग्णाच्या अक्कलदाढेकडे बघावं तसे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अरेच्चा! ही तर आमची गोगलगाय! मी पाठवलेल्या रोपांबरोबर आली असणार. अशी लाल इथं कुणाकडेच नाही!"

हेडबाईंनी बाटलीकडे बघितलं, मग रिकाम्या टाकीकडे, मग कठड्यावरून अजून लोंबणाऱ्या नळीकडे. चाळीस वर्षं कॉप्या पकडलेले डोळे ते. त्यांना काय वेळ लागणार?

"पाणीसाहेब," त्या अगदी हळू म्हणाल्या, "उभे राहा."

पाणीसाहेब उभेच होते. तरी आणखी उभे राहिले.

"साडूबुवा, ते नंतर," डॉक्टर मध्येच म्हणाले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. "मासे पिशवीत घालून दीड तास झालाय. वाटेत गाडी अडकली होती. दोन वर आलेत बघा, धापा टाकतायत. घरात पाणी किती आहे?"

घरात अर्धा तांब्या पाणी होतं.

पिशवीतला एक मासा तोंड उघडत होता, मिटत होता. बायको त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. पाणीसाहेबांनी ते बघितलं आणि फोन उचलला. सगळ्यांच्या देखत, साडूच्या देखत.

"सर, पाइपलाइन ठीक आहे. ते शेवाळ माझं होतं. घरच्या टाकीतलं. हो सर, गोगलगायसुद्धा. नाही सर, मी शुद्धीत आहे. व्हॉल्व्ह उघडतोय."

पलीकडून काय आलं ते कुणाला कळलं नाही, पण पाणीसाहेबांचे कान लाल झालेले सगळ्यांनी बघितले. ते तसेच अनवाणी खाली धावले आणि व्हॉल्व्ह उघडून आले. डॉक्टरांनी खिशातून क्लोरीन मारायचं औषध काढलं, स्वच्छ टबात पाणी घेतलं आणि मासे सावकाश सोडले. सहाच्या सहा पोहू लागले. बायकोनं सुस्कारा टाकला.

मग दोघे साडू बाह्या सरसावून टाकीत कोपरापर्यंत बुडाले. बशीवर पाणी ओतायचं, चिमट्यानं रोप धरायचं, तिरकं खुपसायचं. पाणीसाहेब न बोलता शिकत होते. बायका स्वयंपाकघरात गेल्यावर डॉक्टर हलकेच म्हणाले, "तुम्हाला सांगू? मला तुमचा हेवा वाटतो."

"माझा? थट्टा करताय."

"पाच वर्षं टाकी सांभाळतोय. तुमच्या मेहुणीनं आत एकदा डोकावलं, तेसुद्धा तिचं कानातलं पडलं म्हणून. त्या दिवशी तुमच्या बायकोनं चाळीस मिनिटं बघितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कुणाला तरी आवडलं. आणि तिच्यासाठी तुम्ही साठ घरांचं पाणी तोडलंत!"

पाणीसाहेबांच्या हातातलं रोप सुटलं आणि तरंगत वर आलं. चाळीस मिनिटं या माणसानंही मोजली होती! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना डॉक्टर बरे वाटले.

महिनाभरात टाकी खरोखर छान झाली. पाणी काचेसारखं, पानं तजेलदार, मासे स्वतःच्या घरात वावरावं तसे वावरत. पाणीसाहेबांची खात्यात "गोगलगाय" म्हणून पदोन्नती झाली, पण त्यांनी ते पचवलं. संध्याकाळी बायको टाकीपुढे बसायची आणि ते तिच्या शेजारी. मनात कुणाबद्दल काही नाही. किती हलकं वाटतं हो हेवा गेल्यावर!

पण एक दिवस बायको जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठं असतेस गं संध्याकाळी?"

"खाली. हेडबाईंनी टाकी केलीय ना! भाऊजींनी मांडून दिली. अहो, काय हिरवळ आहे म्हणून सांगू! डोळे निवतात अगदी."

पाणीसाहेब नळाचा दाब तपासायच्या निमित्तानं खाली जाऊन आले. बघितलं. वर येऊन गुपचूप फोन लावला.

"डॉक्टर, जरा मोठी टाकी घ्यावी म्हणतोय. तीन फुटी."

"घ्या की. पण बाईंनी सकाळीच चार फुटीची चौकशी केलीय."

पाणीसाहेबांनी घराच्या दाराच्या चौकटीकडे बघितलं.

"डॉक्टर," त्यांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं, "पाच फुटी आपल्या दारातून आत येईल का हो?"