चोवीस व्होल्टची पंचाईत

मी विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड., आणि कवठे महांकाळ तालुक्यात फ्यूज बांधायला वायरमनची वाट न बघणारी एकमेव बाई! हे मी नाही म्हणत, आमचे हेडसर आप्पासाहेब म्हणतात. म्हणजे म्हणायचे. चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरपर्यंत.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला लष्कराचे तीन ट्रक शाळेच्या मैदानात शिरले. हेडसर हातातला चहा सांडत बाहेर धावले. त्यांना वाटलं, सरकारनं शाळाच ताब्यात घेतली! पण पहिल्या ट्रकमधून पांढऱ्या मिशांचे एक सुभेदार उतरले आणि त्यांनी हात जोडले.

"राम राम गुरुजी. मी तात्याबा महाडिक, सातारकडचा. पाण्याची टाकी दिसली म्हणून थांबलो. पोरं चार घास खातील आन् निघू. पाचच्या आत मिरज स्टेशनात हे ट्रक वॅगनवर चढवायचेत."

माणूस इतका साधा, की मला लगेच कल्पना सुचली.

"हेडसर, सहल दारात आलीय! मुलांना ट्रक दाखवू. बॅटरी, दिवा, हॉर्न. रासायनिक ऊर्जा, विद्युत ऊर्जा, ध्वनी ऊर्जा. अख्खा धडा मैदानात उभा आहे!"

सुभेदार हसले. "दावा की. दोन महिन्यांनी मी रिटायर हुणार. सत्तावीस वर्सं ट्रक हाकतोय, पर कुणी त्यात धडा शोधला न्हवता."

पाचवी ते दहावी मिळून आमची मुलं चारशे बारा. रांग लांबू नये म्हणून मी त्यांना तिन्ही ट्रकवर सारखी वाटली. प्रत्येकानं एकदा हॉर्न वाजवायचा, एकदा दिवे लावायचे, एकदा काचेवरचा वायपर फिरवायचा. सिद्धू नावाचा ड्रायव्हर भाकरीचा तुकडा हातात घेऊन मध्येच येऊन म्हणाला, "बाई, लय वेळ नगा वाजवू."

"अहो, मी विज्ञान शिकवते," मी म्हटलं. तो बिचारा परत जेवायला गेला.

पाचवीच्या वेळी हॉर्न असा वाजला, की चिंचेवरचे बगळे उडाले. सातवीला त्याचं रेडकू झालं. आठवीला सर्दी झालेला बोकड, नववीला बेडूक. दहावीला नुसतंच टिक्! आणि मी काय करावं? मी मुलांना गोळा करून म्हटलं, "बघा, ऊर्जा कशी खर्च होत जाते!" पोरांनी वह्यांत लिहूनही घेतलं.

साडेबाराला सिद्धूनं किल्ली फिरवली. खट्. दुसऱ्या ट्रकची फिरवली. खट्. तिसऱ्यानं तेवढंही केलं नाही.

सुभेदार मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सत्तावीस वर्सांत एक लाल शेरा न्हाई बगा माज्या कागदावर."



"ढकलून चालू करू!" आमचे पी.टी.चे दादासो सर म्हणाले. पण मैदान भुसभुशीत, ट्रक तंबूंनी भरलेले. चाकं जागची हलेनात. दादासो सरांनी रस्सीखेचीचा दोर आणला, दहावीची पोरं लावली, शिट्टी फुंकली. दोर तुटला. दहावी अ दहावी ब वर पडली, आणि सगळ्यांच्या खाली दादासो सर, शिट्टी तोंडातच! प्रत्येक श्वासाला वाजत होती.

तेव्हा मला जनरेटर आठवला. गॅदरिंगला माईक चालावा म्हणून घेतलेला, सुटकेसएवढा, पेट्रोलवरचा. त्याला बॅटरी चार्ज करायची बारा व्होल्टची जागा होती. तिच्यावरचं झाकण आजवर कुणी उघडलेलं नव्हतं.

"बाई, ट्रक चोवीसचा हाय," सिद्धू म्हणाला. "ह्यो बाराचा."

"बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत आहेत. एकेक वेगळी चार्ज करायची. एक ट्रक चालू झाला, की बाकीचे दोन त्याच्यावरून केबल लावून चालू!"

सिद्धूनं सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी मान हलवली. त्यांच्यापुढं दुसरा इलाज तरी काय होता!

दादासो सरांनी जनरेटरची दोरी चाळीस वेळा ओढली. एक्केचाळिसाव्या वेळी हेडसरांनी विचारलं, "हे बटण बंदवर आहे, ते तसंच असतं का?" बटण वर करून दोरी ओढल्याबरोबर जनरेटर फटफटायला लागला. प्रयोगशाळेतल्या दोन्ही वायरी लाल निघाल्या. अधिक कोणती, उणे कोणती? मी ग्लासात मिठाचं पाणी करून दोन्ही टोकं बुडवली. जिथं बुडबुडे जास्त, ते उणे. सिद्धू डोळे फाडून बघत राहिला. खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळापुरती माझी मान पुन्हा ताठ झाली.

पहिली बॅटरी पाऊण तास. दुसरी पाऊण तास. पावणेतीनला सिद्धूनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धडाडलं! काळ्या धुराचा लोट हेडसरांच्या पांढऱ्या शर्टावर गेला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. केबल लावली, दुसरा चालू. तिसरा चालू. सुभेदारांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला.

आणि सिद्धू म्हणाला, "सायेब, फाटकात बगा."

फाटकात दोन-अडीचशे तरणी पोरं उभी होती. कुणाचा शर्ट काढलेला, कुणाच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मार्कलिस्ट. दुपारी एसटीतून कुणीतरी दोर ओढणारी पोरं आणि लष्कराचे ट्रक पाहिले होते. तासाभरात पंचक्रोशीत झालं, कवठ्याला मिलिट्रीची भरती लागली!

"भरती न्हाई रं पोरांनो," सुभेदार म्हणाले. "वाट सोडा. गाडी गाठायचीय."

अर्जुना नावाचा एक उंच पोरगा पुढं आला. अठरा किलोमीटर सायकल मारत आलेला, घामानं निथळत होता. "आमाला येडं समजता व्हय? दोर वडून घेतलासा की शाळंतल्या पोरांकडनं! वशिल्याची आत भरली आन् आमी भायेर? छाती मोजल्याबिगर ट्रक हलू देनार न्हाई!"

आणि सगळे फाटकात बसले. मांडी घालून! तीन इंजिनं धडधडतायत आणि ट्रक जागच्या जागी. तीन वाजून दहा मिनिटं. हेडसर म्हणाले, "पोलिसांना कळवू." सुभेदार म्हणाले, "नगं. भरतीला आलेल्या पोरांवर काठी? ते माज्याच्यानं बगवनार न्हाई."

मी दादासो सरांना म्हटलं, "जनरेटरला माईक लावा."

मी माईक हातात घेतला. समोर ती पोरं, मागं माझे चारशे बारा विद्यार्थी, शेजारी सगळा स्टाफ.

"मुलांनो, भरती नाही. हे ट्रक जेवायला थांबले होते. मी विज्ञान शिकवते. हॉर्न आणि दिवे चालू ठेवले की बॅटरी उतरते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तरी आज मी सगळ्या मुलांकडून हॉर्न वाजवून घेतले आणि तिन्ही ट्रकच्या बॅटऱ्या उतरवल्या. तो दोर ट्रक ओढायला होता. चूक सुभेदारांची नाही. माझी आहे."



मग अर्जुनानं विचारलं, "म्हंजी... एकट्या बाईनं मिल्ट्री बंद पाडली?"

हशा असा उसळला, की माझ्या कानशिलांचा तवा झाला. आठवीची पोरं तर हेडसरांसमोर गडाबडा लोळली. पण हसता हसता फाटकातली मांडी सुटली. सुभेदार पुढं आले, अर्जुनाच्या छातीवर थाप मारून म्हणाले, "किती कमी भरती?"

"अर्धा इंच. दोन टायमाला परत धाडलं."

"विहिरीत पोहायला लाग. रोज. पुढल्या म्हैन्यात कोल्हापूरला भरती हाय, तितं ये." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं दोनदा तारीख-वार सांगितलं. पोरांनी मार्कलिस्टांच्या मागं लिहून घेतलं. साडेतीनला ट्रक गेले.

पुढचे पंधरा दिवस मी वर्गात शिरले, की मागच्या बाकावरून बारीक आवाजात 'टिक्' व्हायचं. मी ऐकलं नाही असं दाखवायची.

मग सुभेदारांचं पोस्टकार्ड आलं, हेडसरांच्या नावे. हेडसरांनी ते सगळ्या स्टाफसमोर मोठ्यानं वाचलं.

'पाचला धा मिनिटं कमी असताना पोचलो. रेल्वे दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर स्टेशनाजवळच्या क्वार्टरांतली पन्नास-साठ पोरं ट्रक बघाय आली. आमी पयल्यांदा बॅटरीची वायर काढून ठेवली आन् मग पोरं आत बसवली. हॉर्न त्यांनी तोंडानंच वाजवला. लय खूश झाली. बाईंना नमस्कार सांगा.'

 मी म्हटलं, "वायर काढायची, हे पुस्तकात दिलेलं नाही."