कॉम्प्युटरमध्ये शिरलेले संशोधक

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर आपोआप घरघरायला लागला. समोरच्या खुर्चीत चिटपाखरू नव्हतं.

धास्तीबाई ताडकन उठली. (घरात तिला सगळे याच नावाने हाक मारत. लेक शिंकली तरी ही रडायच्या बेताला.) दात येत होते म्हणून ती तान्ही लेक तीन दिवस धड झोपली नव्हती, त्यामुळे आईचाही जीव थाऱ्यावर नव्हता. तिने धावत जाऊन बटण बंद केलं. तत्क्षणी पाळण्यातून भोकाड!

तिने गोदामात कारकुनी करणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"अहो, आपल्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी शिरलंय!"

"अगं, संशोधक असतील. मीच बोलावलंय."

"किती जण?"

"शेकड्याने!"

"मग आधी सांगायचं नाही? घर केवढं पसरलंय!"

नवऱ्याने कपाळावर हात मारला तो फोनमधूनही ऐकू आला. "माणसं नाही गं, त्यांचं काम आलंय. एका आजारावर औषध शोधायचंय, त्याचं गणित डोंगराएवढं. ते तुकडे करून घरोघरी पाठवतात. आपण वापरत नसलो की आपला कॉम्प्युटर त्यांच्यासाठी फुकट राबतो."

"फुकट राबतो? अगदी माझ्यासारखा!"

एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, ती घरघर होती तोवर पोर गप्प होती. लाव बघू परत."

लावला. घरघर सुरू झाली, लेक शांत झाली. पण धास्तीबाईला राहवेल तर ना! चालू आहे ना, म्हणून ती दर थोड्या वेळाने माउस हलवी. हलवला की घरघर बंद, आणि पोर सुरू.

"अगं, हात लावू नकोस!" तिने परत फोन लावून हे सांगताच नवरा ओरडला. "त्याला वाटतं मालकीणबाई कामाला बसल्या. तो आपला अदबीने थांबतो."

"पोरीचंही तेच," सासूबाईंनी री ओढली. "श्वास चालतोय का म्हणून सारखी नाकाशी बोट धरतेस. झोपेल कशी ती?"

मग धास्तीबाई स्वतःच्या हातांवर बसली. (खरोखरच, दोन्ही तळवे मांडीखाली.) पडदा काळा झाला, घरघर लागली. लेकीची आवळलेली मूठ हळूहळू उघडली. कुठल्यातरी अनोळखी आजाऱ्याच्या औषधाचं चिमूटभर गणित आपल्या खोलीत सुटतंय, या विचाराने धास्तीबाईलाही कधी नव्हे ते हलकं वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याने तिला खुर्चीतच हलवून उठवलं. लेक पाळण्यात गाढ झोपली होती.

"बघितलंत?" ती फुशारकीने म्हणाली. "दुपारभर कसा एकसारखा राबला आपला कॉम्प्युटर!"

"त्याचा तुकडा केव्हाच संपला," सासूबाई म्हणाल्या. "त्यानंतर घरघरत होतीस ती तू."

तेव्हा मंडळी, घरात कॉम्प्युटर रिकामा बसत असेल तर त्याला अशा कामाला लावा, आणि चार घरी सांगा. धास्तीबाईच्या घोरण्याचं तेवढं नाही सांगितलं तरी चालेल.