आबाजीपंतांच्या दुरुस्त्या

आमचे शेजारी आबाजीपंत यांच्या घरात ताक वाढण्यासही कायदा होता, आणि त्या कायद्यात वरचेवर दुरुस्ती होई. ओसरीवर थाळी वाजवून ते जाहीर करीत, "आजपासून ताक भातानंतर! हरकत असेल त्याने आठ दिवसांत कळवावे."

घरात हरकत घेण्यास त्यांची विधवा बहीण गोदूताई तेवढी होती. ती आतून म्हणे, "दादा, विरजण लागलंच नाही. ताक आहे कुठं?"

"मग अंमल तहकूब," पंत गंभीरपणे सांगत.

कर्जतच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केलेल्या या गृहस्थाचे एकच पालुपद असे : "दुरुस्ती करणाऱ्याने ज्याचा हक्क जातो त्यास आधी विचारावे." त्यांच्या थाळीस मी हसे, पण वर्तमानपत्रांस धाडलेल्या माझ्या संतप्त पत्रांत तरी याहून निराळे काय असे?

त्या वर्षी जंगलच्या नियमांत दुरुस्ती झाली. भाताचे बी पेरण्यापूर्वी डहाळ्या व पाचोळा जाळून वाफा भाजतात, त्यास इकडे राब म्हणतात. त्याकरिता रानातील झाडे छाटण्याचा कुळांचा पिढीजात हक्क एका फटकाऱ्याने नाहीसा झाला. ज्यांचे वर्षाचे पोट त्या राखेवर, त्यांतील एकास तरी कोणी विचारले होते काय?

पंतांच्या परड्यामागचे खाचर कसणारा धर्मा रानातून डहाळ्यांचा भारा आणताना जंगलच्या राखणदाराने अडवला. पंत धावले. "गावात दवंडी पिटली होती काय?"

"नाय पिटली," राखणदार म्हणाला. "पर हुकूम हाय, पंत. तुमी सायबाला सांगा."

भारा जप्त झाला. पंतांनी व मी मिळून अर्ज केला. तो फेटाळला गेला. पंत दुसऱ्या अर्जाचा मसुदा वाचून दाखवू लागले, तेव्हा धर्मा म्हणाला, "पंत, अर्ज जाळून वाफा भाजू का आता?"

पंतांनी कागद खाली ठेवला.

सकाळी कुऱ्हाडीचा आवाज ऐकून मी परड्यात गेलो. पंत आंब्यावर चढून डहाळ्या तोडत होते. धर्मा खाली भारा बांधत होता. गोदूताई रडकुंडीस आली होती. "दादा, वहिनीनं लावलेलं झाड ते! आजवर पान तोडू दिलं नाहीस कुणाला."

"ठाऊक आहे," पंत वरून म्हणाले. "धर्मा, पूर्वेची फांदी तेवढी राहू देतो रे. तिच्या सावलीत ती तांदूळ निवडीत बसायची."

धर्माने वर पाहिले आणि घाईने दोरी आवळली. "उतरा, पंत. भागलं माझं."

तो भारा अर्ध्या वाफ्यासही पुरणारा नव्हता.