काना नाही, मात्रा नाही, किल्ली नाही

आपल्या घराचं कुलूप कसं उघडतं, हे गावभर सांगत फिरणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. शहाद्यात तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

साठ सालाच्या आगेमागे माझी तिथल्या मुलींच्या शाळेत बदली झाली. मी देशावरची, खानदेशाचं नुसतं ऊन ऐकून होते. टांग्यातून ट्रंक उतरवतेय, तर शेजारच्या ओट्यावरून एक उंचेला म्हातारा खाली आला. नाव नाही, गाव नाही, सरळ म्हणाला, "बाई, मन्हा कुलूपले किल्ली नही लागस."

मी म्हटलं, झालं! शेजार तर मोठा शहाणा मिळाला.

हे छगन आबा. सारा जन्म कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, तोलाई करण्यात गेला होता. बायको केव्हाच वारलेली, घरात एकटे. आणि दाराला ते कुलूप. पितळेचं, चांगलं वांग्याएवढं. त्याच्या पोटावर तीन कड्या, प्रत्येक कडीवर अक्षरं कोरलेली. कड्या फिरवून बरोबर शब्द रेघेवर आणला की कुलूप उघडायचं. बाजारपेठेतल्या हुसेनभाईंकडून त्यांनी ते मुद्दाम बनवून घेतलं होतं. अक्षरांना काना-मात्रा लावायची सोय नव्हती, म्हणून शब्दही तसाच हवा. आबा हे तीन बोटं नाचवून सांगत, "काना नही, मात्रा नही, किल्ली नही!" जणू रेडिओवरची जाहिरात.

बाहेर पडताना कुलूप लावायचे आणि कड्या गरागरा फिरवायचे. मग त्यावर जे काय उमटेल ते. एकदा 'टरग' होतं, एकदा 'खफट'. मुली शाळेत येताना आबांचं कुलूप वाचून यायच्या आणि दिवसभर एकमेकींना तेच नाव ठेवायच्या.

दर आठवड्याला आबा माझ्याकडे शब्द मागायला यायचे. "बाई, तीन अक्षरी बोला." मी म्हणायची, बदक. आबा डोळे मिटून तो शब्द तोलायचे, हाताचा तराजू करून. "हलका शे." नयन? "ओला शे, वाळना पाहिजे." गवत? "अहं. कचरा फार." असा जिनातला सगळा हिशेब माझ्या पहिलीच्या पुस्तकाला लावून झाला की चहा पिऊन जायचे. मी समजत होते, दर आठवड्याला शब्द बदलतात. किती हा संशयी स्वभाव, असंही वाटायचं.

पण संशयी माणूस असं वागतो का, सांगा. रोज सकाळी आबा एस.टी. स्टँडवर जायचे. तळोद्यावरून अक्कलकुव्याला जाणारी गाडी लागली की खिडक्याखिडक्यांतून सांगत सुटायचे, "छगन तोलाईवालाना घरले आते किल्ली नही लागस. तीन अक्षरं शेतस. बजारमा सांगज्यात!" कंडक्टर हसायचा. "आबा, तिकीट देऊ का तुमच्या कुलपाला?"

शेवटी मी एकदा रागावले. "अहो, चोरांना आवतण देताय का?"

"चोरले काय सांगनं, बाई? चोर कुलूप तोडस. शब्द तर घरनाले लागस."

मी कपाळावर हात मारून घेतला.

उलगडा हुसेनभाईंनी केला. माझ्या ट्रंकेची कडी सांधायला गेले होते, आबांच्या दर आठवड्याच्या शब्दांचं सांगितलं, तर म्हणाले, "आबा शब्द बदलतात? कोण म्हणतं? बाई, शब्द बदलायचा तर आधी कुलूप उघडायचं, मग मागचा स्क्रू सोडून कडी फिरवायची. ते काम माझं. पहले खोलो, फिर बदलो. एकदा लावून नेलंय, पुन्हा कधी आलेच नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीसाठी आहे ते, बाई. तुम्ही नवीन, तुम्हाला नसेल माहीत."

आबांना एकच मुलगी, कमळ. आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. पुढे तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, अक्कलकुव्याच्या एका ट्रक ड्रायव्हरशी. परजातीचा. सांगायला आली तेव्हा आबांनी तिच्या कमरेची घराची किल्ली हिसकावून घेतली, आणि "आते हाई घर तुले बंद" म्हणून दार लावलं. सगळ्या गल्लीदेखत. ती गेली. महिना झाला नसेल, तोच आबा हुसेनभाईंच्या दुकानात हजर. म्हणे, किल्लीशिवाय उघडेल असं काहीतरी करून दे.

मी घरी आले ते तणतणतच. "आबा, अक्कलकुव्याची गाडी तुमच्या डोळ्यांसमोरून सुटते. बसा आणि जा! बस्स झालं हे कुलूपपुराण."

आबांचं तोंड एवढंसं झालं. "कोनतं तोंड लिसन जाऊ, बाई? तोंडानी किल्ली मांगी व्हती तर परत देता येती. मी हिसकाई लिधी."

त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही. शब्द तोलायला मात्र ते येत राहिले. आता मीही मुद्दाम चांगले भारी शब्द शोधून ठेवायची.

एकदा ते तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेला गेले होते. संध्याकाळी परत आले आणि कुलपाला हात घातला तसे थिजले. मला हाक मारली. "बाई, तुम्हीच हात लावा व्हता का याले?"

मी पाहिलं. कड्या सरळ रेघेत होत्या. क, म, ळ.

समोरच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, दुपारी कोणी बाई आली होती, कडेवर पोर होतं. बराच वेळ कुलपाशी खटपट केली, दोन-तीनदा ओढून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

"उनी, बाई. मन्ही कमय उनी आन् चालनी गयी." आबा ओट्यावरच बसले.

"पण उघडलं का नाही?" मी विचारलं. "हाच शब्द ना?"

आबांनी अंगठ्यानं शेवटची कडी फिरवली. ळ गेला, य आला. कुलूप खट्कन उघडलं.

खानदेशात ळ बोलत नाहीत हो. शाळेला शाया म्हणतात, डोळ्याला डोया. मी मुलींच्या पाट्यांवर तो य पुसून पुसून बेजार झाले होते. आबा पोरीला जन्मभर कमय म्हणत आले, त्यांनी कुलपात कमय घातलं. पोर शाळा शिकलेली, तिनं शाळेतलं कमळ लावलं. बापलेक एकाच शब्दाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि मधे दार बंद. असा राग आला मला, पण कोणावर काढणार? अक्षरावर?

"तिले वाटनं व्हई, बापानी दुसराच शब्द लावा," आबा म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हुसेनभाईंकडे गेले. कुलूप आधी उघडलं, मग बदललं. य च्या जागी ळ बसवला. आणि तिथून माझ्याकडे. "बाई, माले ते शायानं अक्षर शिकाडा. कुलूप ते बोलस, आन् मी नही, हाई बरं नही."

झालं, आमची शाळा सुरू. मी म्हणायची, जीभ मागे दुमडा, टाळूला लावा आणि सोडा. आबा तोंड वाकडंतिकडं करून, मान हलवून जोर लावायचे. माझ्या वर्गातल्या मुली खिडकीशी उभ्या राहून ऐकायच्या आणि खुसखुसायच्या.

आणखी एक खूळ लागलं. पोर आपण घरी नसतानाच येते, असं त्यांनी मनाशी धरलं. मग अक्कलकुव्याहून लोक बाजाराला यायचे त्या दिवशी आबा मुद्दाम घर सोडायचे. कुलूप लावून प्रकाशाला तापीच्या घाटावर जाऊन बसायचे, दिवेलागणीला परतायचे. आल्या आल्या कड्यांकडे बघायचे. कड्या त्यांनी सोडल्या तशाच असायच्या, 'टरग' नाही तर 'खफट'. मग माझ्याकडे बघून हसायचे. "पुढला बजारले."

अशाच एका बाजाराच्या दिवशी आबा घाटावर बसल्या बसल्या गेले. तापीकाठी मरण आलं, नशीबवान म्हणून लोकांनी पुतण्याला बोलावून तिथेच अग्नी दिला. पुतण्या घर उघडायला आला आणि मला शब्द विचारला. मी म्हटलं, "थांब. उघडणारी येतेय." आली की खरंच. त्याच हसऱ्या कंडक्टरनं अक्कलकुव्यात निरोप पोचवला होता.

कमळ ओट्यावर चढली. नाक थेट आबांचं. सरळ कुलूप हातात घेतलं. क लावला. म लावला. तिसऱ्या कडीवर ळ समोर आला, तो तिनं मागे टाकला आणि य लावला. ओढलं. पुन्हा ओढलं. कुलूप ढिम्म.

ती माझ्याकडे वळली. "मागे मी शायानं नाव लावं, बाई. मंग घर जाता जाता ध्यानमा उनं, बापा तर माले कमय म्हने. पन परत येवानी हिंमत व्हयनी नही. आज तेच लावं. पन आते बापानी शब्द बदली टाका. माले घर बंदच करं."

मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बाळ, ळ लाव."

"बापाले ळ येतच नव्हता!"

"शिकले होते. तू येऊन परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

तिनं कडी फिरवली. कुलूप तिच्या हातात उघडलं. दार तिनं लोटलं नाही, कुलूप पोटाशी धरून उंबऱ्यावर बसली आणि रडत रडत एकच विचारत राहिली, "बाई, बापा नीट म्हने का वं? मन्हं नाव नीट म्हने का?"

"अगदी नीट म्हणायचे," मी म्हटलं.

खोटं होतं ते. शेवटपर्यंत त्यांना ळ जमला नाही. 'कमड' म्हणायचे.