कुलपांशी बोलणारे नाना

आमच्या गल्लीतले बन्शीनाना कुलपांशी बोलत. थट्टा नव्हे, अगदी रीतसर चौकशी करत. सकाळी भीमाच्या दाराची कडी वाजवून म्हणायचे, "काय भीमा, झोप झाली का?" आत कोण असणार, कप्पाळ! दिवाळी सरली की पाथर्डीकडचं आमचं ते गाव बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जायचं आणि गल्लीभरच्या किल्ल्यांचा जुडगा नानांच्या कमरेला लटकायचा. मागे उरायचे नाना आणि बदली होऊन आलेला मी, शाळामास्तर. नानांचा एकुलता एक मुलगाही असाच उसाला गेला आणि बायकोपोरांसह कारखान्याकडेच कायमचा राहिला. तो विषय नाना काढत नसत, मीही काढत नसे.

"घराला करमत न्हाई हो मास्तर," हे त्यांचं पालुपद. म्हणून रोज संध्याकाळी एकेक घर उघडून चुलीत काटक्या पेटवायचे. धूर निघाला की घराला बरं वाटतं म्हणे! गंगूबाईच्या बंद दाराशी तर चक्क भांडायचे. तिच्या कोंबड्यांनी यांची ज्वारी उकरली होती, तो राग तिच्या उंबऱ्यावर निघायचा.

बांगलादेशची लढाई संपली त्या हिवाळ्यात एका दुपारी गारा सुरू झाल्या. गारा मी काय पाहिल्या नव्हत्या? पण या थांबेनातच. बघता बघता गल्ली पांढरीशुभ्र, कॅलेंडरवरचं काश्मीरच! दात कडकडायला लागले. मी दोन गोधड्या पांघरून बसलो, तोच वरून हाक आली, "मास्तर, खोरं घ्या आन् चढा!"

मातीची सपाट छपरं, धाबी ती. गारा वितळल्या की पाणी मुरणार आणि आतलं बियाणं, अंथरुणं, सगळं भिजणार. नाना या धाब्यावरून त्या धाब्यावर नुसते पळत होते. एका जागी पाय ठरत नव्हता.

"हळू! गारा काढताय का धाबं उकरताय?" वर दम मलाच.

गंगूबाईच्या धाब्यावर तर ओरडले, "तुझी वाकळ भिजली तर मलाच शिव्या देशील, भवाने!" आणि तिचंच धाबं त्यांनी हातांनी निपटून काढलं. बोटं काळीनिळी पडली होती.

"नाना, मराल अशानं! जरा शेकू या."

"शेकाय लई येळ हाय. पानी व्हायच्या आत लोटा!"

शेवटचं धाबं झाडून उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. चूल पेटवावी म्हणून नानांच्या घरात शिरलो, तर आत धो धो गळत होतं. अंथरूण चिंब. त्यांच्या धाब्यावरच्या गारांना कुणी हातही लावला नव्हता. मी भडकलोच.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं? राहतं घर सोडून रिकामी घरं झाडत बसलात!"

नानांनी कमरेचा जुडगा चाचपला.

"रिकामी कशानं? त्यांची मानसं यायची हायत की, मास्तर. आमच्यात कोन यायचंय?"

मी खोरं उचललं आणि नानांच्या धाब्यावर चढलो. नाना खाली उंबऱ्यावर बसले होते. मी मुद्दाम खोरं धसमुसळं ओढलं, पुन्हा ओढलं. नाना ओरडले नाहीत.