उणे चौदाचा उन्हाळा

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मिसिसागात पारा उणे चौदावर स्थिरावला आणि ऊर्मीच्या शाळेला उन्हाळी गणवेश लागू झाला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, निळी अर्धी चड्डी, सँडल आणि गवताची हॅट.

यात चूक कुणाचीच नव्हती. 'कोलेहिओ दोस सिएलोस' ही खाजगी द्विभाषिक शाळा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत इंग्रजी, नंतर स्पॅनिश. मूळ शाळा, म्हणजे 'मेन कॅम्पस', चिलीतल्या सांतियागो शहरात, ही तिची कॅनडातली शाखा. सांतियागोत डिसेंबर म्हणजे उन्हाळा, हे भूगोलाचं कुठलंही पुस्तक सांगेल. आणि मूळ शाळेचा अनुभव जसाच्या तसा मिळेल, अशी हमी माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होती. फी होती ती या 'जसाच्या तसा'चीच.

ऊर्मीचे आजोबा शिवराम नुकतेच सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. ज्या कालव्याला कधी पाणीच आलं नाही, त्याची गळती थांबवण्याचं काम त्यांनी तीनदा मंजूर करून घेतलं होतं. अशा माणसाला सहसा आश्चर्य वाटत नाही. पण सात वर्षांची नात गवताची हॅट घालून बर्फात निघालेली पाहिली आणि त्यांचा चहा बशीतच राहिला.

"काहून रे उल्हास, पोरीचा कोट कुठं हाय?"

"बाबा, कोट विंटर युनिफॉर्ममध्ये येतो. जून ते ऑगस्ट."

"इथं जूनमध्ये कोट घालतात?"

"बाबा, चांगली शाळा आहे ती."

सून चित्रा डबा भरत म्हणाली, "आणि आपल्याला ऑलरेडी दोन वॉर्निंग्ज मिळाल्यात. एकदा तिच्या दप्तरात मोजे सापडले, एकदा मफलर. आता काही सापडलं की सीट गेली. ब्रॅम्पटनपर्यंत लोक वेटिंगवर टपून बसलेत, बाबा."

"इट्स ओके, आजोबा," ऊर्मी दात वाजवत म्हणाली. "इट्स समर."

आता पालक म्हणजे काही दगड नव्हेत. नियम मुलांच्या कोटाबद्दल होता, पालकांच्या नव्हे. उल्हासने आपल्या मापापेक्षा चांगला दुप्पट कोट घेतला, लेकीला पोटाशी धरलं आणि वरून चेन ओढली. बाकीच्यांनाही हेच सुचलं होतं. त्यामुळे रोज सकाळी पार्किंग लॉटमधून दिवस भरत आलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांची रांग कमरेला हात लावून डुलत डुलत निघे आणि शाळेच्या दारात एकेकाची सुखरूप सुटका होई. पुढे जवळच्या वॉन शहरातल्या एका गोदामात दोन गळ्यांचे कोट मिळू लागले. खोटं वाटत असेल तर मिसिसागात कुणालाही विचारा. तोही हेच खोटं सांगेल.

पण दाराच्या आत पालकांचा कोट चालत नसे. मधल्या सुट्टीत मुलांनी सावलीत खेळावं, असा उन्हाळी दंडक होता; त्यासाठी त्यांना पानं नसलेल्या मेपलखाली नेऊन थंडगार लिंबूपाणी दिलं जाई. तिथे एके दिवशी ऊर्मीचे ओठ निळे पडले. शाळेच्या नर्सकडे उन्हाळ्यासाठी उष्माघात हा एकच आजार मंजूर होता. तिने ताबडतोब कपाळावर बर्फ ठेवला. तो खिडकीतून हात बाहेर काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शिवराम शाळेत हजर झाले.

पालकांना भेटायला श्रावणी नावाची एक पुण्याची मुलगी नेमलेली होती. वर बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा, मांडीवर रजई आणि टेबलाखाली हीटर, असा तिचा उन्हाळा चालला होता.

"बसा ना काका. लिंबूपाणी?"

"नको. नातीला कोट घालू द्या."

"उन्हाळ्यात कोट? अहो, सांतियागोचे लोक व्हिडिओवर इन्स्पेक्शन करतात. त्यांना काय सांगू मी?"

सवलत मागणारा माणूस टेबलाच्या त्या बाजूला कसा दिसतो, हे शिवरामांना तीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांनी सूर बदलला.

"बरोबर आहे, बाई. उन्हाळा तो उन्हाळाच. मग उन्हापासून लेकराच्या रक्षणाची काय तरतूद आहे?"

श्रावणीने नियमावली चाळली. "हो, आहे ना. सन प्रोटेक्शन. 'कुटुंबाच्या मूळ प्रदेशातील पारंपरिक साधने वापरता येतील.'"

"आमचा प्रदेश नागपूर. उन्हाळ्याच्या बाबतीत तुमच्या सांतियागोनं आमच्याकडे शिकवणी लावावी. आम्ही उन्हात निघालो की डोकं बांधतो, कान बांधतो, तोंडाला दुपट्टा, हातात मोजे, पायात मोजे. नख दिसू देत नाही. पुण्याला काय माहीत ऊन!"

"असं कसं, काका?" श्रावणी रजईसकट उसळली. "स्कूटीवर तोंड बांधून कोपरापर्यंत हातमोजे घालायला पुण्याच्या मुलींनी सुरुवात केली! नागपूरनं नंतर!"

"म्हणजे तुम्ही तर साक्षीदारच झाल्या. लिहून घ्या."

तिने लिहून घेतलं. मग तिचं पेन थबकलं. "पण कापड इतकं जाड?"

"जितकं ऊन कडक, तितकं कापड जाड. आणि खिशात कांदा. लू लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ऊर्मी जाड कोट, कानटोपी, हातमोजे आणि बूट अशा संपूर्ण उन्हाळी पोशाखात, खिशात कांदा घेऊन शाळेत गेली. सांतियागोने तिला व्हिडिओवर पाहिलं आणि तिकडे धन्य धन्य झालं. आपल्या शाखेने मूळ शाळेपेक्षाही कडक उन्हाळा निर्माण केला! आठवड्याच्या आत 'मेतोदो नागपूर', म्हणजे नागपुरी पद्धत, सगळ्यांना सक्तीची झाली. कोट नसलेल्या मुलांना वॉर्निंग मिळू लागली. फाटकावर कांदे तपासू लागले. ब्रॅम्पटनच्या दुकानांतून कांदा गायब झाला, श्रावणीला बढती मिळाली आणि मिसिसागातल्या मराठी मंडळींत शिवराम एकदम मोठे झाले. जो भेटेल त्याला ते सांगत, "शाळेला अक्कल नसली की पालकांना असावी लागते. दुसऱ्या मुलखाची हवा आपल्या पोराच्या अंगावर घालायची म्हणजे काय!"

एप्रिलमध्ये परतायच्या आदल्या दिवशी सकाळच्या चहाला त्यांनी नागपूरला लेकीला, कल्याणीला, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती आणि पारा चव्वेचाळीसवर. तिचा मुलगा शौनक तेवढ्यात शाळेतून आला. गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, काळे कातडी बूट, गळ्याला आवळलेला टाय आणि वर मरून रंगाचा ब्लेझर. खिशावर सोनेरी धाग्याने सिंह आणि किल्ला. टायच्या टोकावरून घाम ठिबकत होता.

ऊर्मीने आजोबांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"आजोबा, ही इज सो हॉट! व्हेअर इज हिज मेन कॅम्पस?"

शिवराम बशीतल्या चहाकडे पाहू लागले. शौनकच्या ॲडमिशनसाठी आमदारांची चिठ्ठी त्यांनीच आणली होती.

"चांगली शाळा आहे ती," ते म्हणाले.

हसा, मनसोक्त हसा. फक्त आधी आपल्या पोराच्या टायची गाठ नीट करून द्या. खाली बस येऊन उभी आहे.