एकास पस्तीस प्रमाणातला पंचनामा

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मिरजेतल्या निशिकांत आवटी यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यात तीन माणसे मेल्याची खबर पोलिसांना मिळाली, आणि चार वाजता फौजदार खोत पंचनाम्यासाठी हजर झाले.

आवटी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देत. त्या कामाने त्यांचा हात बारीक आणि स्थिर झाला होता. संध्याकाळी ते खोक्यात सुटे भाग घालून येणारी छोटी मॉडेले जोडत. जोडण्यात मात्र त्यांचा जीव नव्हता. नवीकोरी गाडी जुनी करण्यात त्यांना खरा आनंद होता. चाकांना चिखल, कडांना उडालेला रंग, झाकणांखाली तेलाचे ओघळ आणि सगळीकडे गंज. हा रणगाडा एकास पस्तीस प्रमाणात होता आणि तो त्यांनी जळून गेलेला दाखवला होता. दुपारी त्याचा फोटो त्यांनी छांदिष्टांच्या ग्रुपवर टाकला. बावीसजणांनी वाहवा केली. तेविसावे कोल्हापूरचे डॉक्टर वेर्णेकर. त्यांनी फोटो मोठा करून नीट पाहिला आणि पोलिसांना फोन केला.

खोतांनी बूट दाराबाहेर काढले, खुर्ची ओढली आणि हवालदाराकडून भिंग घेतले.

"गाडी तुमचीच?"

"हो."

"पेटवली कुणी?"

"पेटवली नाही, साहेब. काजळी लावलीय. खडूची भुकटी आहे, काळी आणि थोडी तपकिरी."

"लिहा," खोत हवालदाराला म्हणाले. "गाडी खडूच्या भुकटीने जळाली." मग ते खोक्याकडे वळले. "यावर तीन माणसं छापलीत. ती कुठायत?"

"ती मी जोडलीच नाहीत. मला माणसं रंगवायला आवडत नाही."

"दाखवा."

सुटे भाग जिला देठांनी जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट आवटींनी खोक्यातून काढली. एकसष्ट, बासष्ट आणि त्रेसष्ट या माणसांच्या आकड्यांपाशी नुसते देठ उरले होते. आवटींनी ते भाग कापले नव्हते आणि त्यांनी तसे सांगितले. खोतांना त्याचे नवल वाटले नाही.

"ती आपली आपण जाऊन बसतात. गाडी त्यांची असते ना."

मग त्यांनी भिंग रणगाड्याच्या पुढच्या भागावर धरले. तोफेचा घुमट जरासा उजवीकडे वळवून चिकटवलेला होता. त्यामुळे चालक ज्यातून बाहेर येतो त्या झाकणावर तोफेची नळी आली होती आणि ते झाकण बोटभरही उघडले नसते. बोटभर म्हणजे आतल्या माणसांच्या बोटाने.

"घुमट असा का वळवला?"

"फोटोत बरा दिसतो."

"लिहा."

उज्ज्वलाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ट्रे तसाच हातात धरून ठेवला. "साहेब, यांना अटक होणार का हो?"

"वहिनी, आधी मेले कशाने ते बघू. वरून जळालेले दिसतात, पण गाडी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आणि उघडायची तर मयताचं कुणीतरी समोर पाहिजे. नियम आहे." जाताना त्यांनी रणगाड्यावर वाटी उपडी घातली आणि तिला लाखेचे सील लावले.

रविवारी सकाळी नऊ वाजता हवालदार कोल्हापूरहून चालकाची बायको घेऊन आला. डॉक्टर वेर्णेकरांच्या कपाटात एका बाजारपेठेचा देखावा होता, तिथे ती राहत असे. हवालदाराने तिला चष्म्याच्या घरातून आणले होते, खाली कापूस घालून. तिचे नाव हौसाबाई. उंची सव्वाचार सेंटिमीटर. डोक्यावर वांग्यांची पाटी होती. ती साच्यातच डोक्याला जोडलेली असल्याने तिला खाली ठेवता येत नव्हती, आणि एक हात सतत पाटीला धरलेला होता. उज्ज्वलाबाईंनी पंखा बंद केला. तिचे बोलणे ऐकायचे तर सगळ्यांनाच टेबलावर वाकावे लागे.

"ह्येच का त्ये सायेब?" तिने विचारले.

"हेच," खोत म्हणाले.

तिने आवटींकडे वर पाहिले. त्या एवढ्याशा चेहऱ्यावर राग होता की नाही, ते आवटींना कळेना. डॉक्टरांनी तिला बाजारातली भाजीवाली म्हणून रंगवले होते. चेहरा हसरा होता आणि तो बदलत नव्हता.

"मला एकच इचारायचंय. त्येला भाजलं का?"

"उघडून बघू," खोत म्हणाले आणि सील फोडून त्यांनी वाटी उचलली. "आवटी, घ्या तुमची करवत."

कवळ्या कापायची बारीक करवत घेऊन आवटींनी घुमटाच्या कडेने कापायला सुरुवात केली. करडा भुसा पडू लागला. वीस मिनिटांनी घुमट सुटला. खोतांनी आत बॅटरी मारली.

रणगाडा आतून नवा होता. आत काजळी नव्हती, गंज नव्हता, साधा रंगसुद्धा नव्हता. जे बाहेरून दिसत नाही ते आवटी रंगवत नसत. त्या कोऱ्या, करड्या प्लॅस्टिकमध्ये तिघे होते. दोघे एकमेकांना टेकून बसले होते. चालक झाकणाखाली उभा होता, दोन्ही हात वर. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते. आवटींनी भिंगातून ते पाहिले. बाहेरचे ओरखडे त्यांनी टूथपिकच्या टोकाने काढले होते. आतले त्यांचे नव्हते.

"भाजलेलं नाही," खोत हळूच म्हणाले. "आग आत गेलीच नाही. हे गुदमरून गेलेत." त्यांनी वही पुढे ओढली. "घुमट कधी चिकटवला?"

"तारीख आठवत नाही."

"चार तारीख," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मी ताईकडून परत आले त्या दिवशी. घरभर त्या चिकटवायच्या सोल्यूशनचा वास होता. मी खिडक्या उघडल्या." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आणि रंगकाम संपलं काल. पंधराला?" खोतांनी आवटींना विचारले.

"हो."

हौसाबाई रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्याला धरून उभी होती. "म्हंजी अकरा दिस," ती म्हणाली. "अकरा दिस त्यो आत जिता हुता?"

"शेवटचे एकदोन दिवस नसेल," खोत म्हणाले. "हवा फार नव्हती."

"आनि तुमी काय करत हुता, सायेब?"

हे तिने आवटींना विचारले होते. तिच्या आवाजात आरोप नव्हता. बाजारात कुणी कुणाला विचारावे तसा तो प्रश्न होता.

"मी गंज लावत होतो," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज संध्याकाळी. दोन तास, अडीच तास. आधी गंज, मग ओघळ. काजळी शेवटी."

"आवाज न्हाई आला कवा?"

खोतांनी लिहिणे थांबवले. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. ती लांब जाईपर्यंत आवटी खिडकीकडे बघत राहिले.

"आला होता. बारीक टकटक. दोनतीन संध्याकाळी आली. मला वाटलं, प्लॅस्टिक आकसतंय."

हौसाबाईने मान हलवायचा प्रयत्न केला, पण पाटीमुळे तिला ती हलवता आली नाही.

खोतांनी कागद पुरे केले. कलम कोणते लागते ते वरून कळवण्यात येईल, तोपर्यंत आवटींनी मिरज सोडू नये, गाडी मुद्देमाल म्हणून जमा होईल. हवालदाराने चिमट्याने तिघांना एकेक करून बाहेर काढले. चालकाचे हात खाली येईनात, म्हणून त्याला चष्म्याच्या घरात तिरका ठेवावा लागला. उज्ज्वलाबाईंनी आतून स्वच्छ रुमाल आणून त्याच्या चार घड्या केल्या आणि तो चालकावर घातला.

"सव्वाअकराची एसटी आहे," हवालदार म्हणाला.

"थांबा वाईच." हौसाबाई टेबलाच्या कडेला आवटींसमोर आली. "सायेब, तुमी रंगाचं काम करता. माजं कुकू तेवढं काढा. मला पुसत न्हाई. रंगाचं हाय."

"कोल्हापूरला डॉक्टर काढतील. त्यांनीच लावलंय."

"तुमी काढा."

आवटींनी बायकोकडे पाहिले. उज्ज्वलाबाईंनी मान फिरवली. त्यांनी खोतांकडे पाहिले. खोतांनी हातातले भिंग पुढे केले.

आवटींनी सगळ्यात बारीक ब्रश काढला. टोक थिनरमध्ये बुडवले, कागदावर टेकवून जास्तीचे टिपले, भिंग डोळ्यापुढे धरले आणि श्वास रोखला. त्यांचा हात जराही कापला नाही. कापला असता तर बरे वाटले असते, असे त्यांच्या मनात येऊन गेले. तिसऱ्या स्पर्शाला कुंकू निघाले. त्याच्याबरोबर कातडीचा रंगही निघाला आणि कपाळावर करड्या प्लॅस्टिकचा ठिपका उघडा पडला.

"खालचा रंग गेलाय," ते म्हणाले. "थांबा, जुळवून लावून देतो. कळणारसुद्धा नाही."

"नगं," हौसाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे असंच."

हवालदाराने तिला उचलून नवऱ्याशेजारी कापसावर ठेवले आणि घर मिटले. खोतांनी पंचनाम्याचा कागद टेबलावर सरळ केला आणि खाली कुठे सही करायची तिथे बोट ठेवले. आवटींनी आधी ब्रश थिनरमध्ये दोनदा धुतला, पुसला, बोटांनी त्याचे टोक नीट केले, आणि मग सही केली.